वाव (खोलीचे परिमाण)

वाव : दोन्ही हात खांद्यांच्या रेषेत ताणले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंतचे अंतर. दोर आणि पाण्याची खोली मोजण्याचे हे जुने परिमाण. मूळ संस्कृत शब्द ‘व्याम’. ‘सुधारणेला वाव आहे’ यातला वाव वेगळा. पाटणच्या ‘रानी की वाव’शीही याचे नाते नाही, तो गुजराती शब्द ‘वापी’वरून, म्हणजे विहिरीवरून आला.

आडव्या हातांचे माप उभ्या खोलीला लागले ते दोरामुळे. कंबरभर, गळाभर, डोईभर पाणी उभे राहून सांगता येते. त्यापुढे दोर सोडावा लागतो. टोकाला शिशाचे वजन बांधायचे, ते तळाला टेकले की दोर वर घेताना हात पसरून एकेक वाव मोजायचा. खोली पाण्यात असली तरी ती मोजली जाते नावेत, माणसाच्या छातीसमोर. शिशाच्या बुडाला खळगा ठेवून त्यात चरबी भरण्याचीही रीत होती. चरबीला चिकटून वाळू, चिखल, शिंपल्यांचे तुकडे वर येत आणि नांगर कुठे धरेल याचा अंदाज बांधता येई.

विहिरीसाठी ‘परस’ किंवा ‘पुरुष’ हे माप. अमरकोशात दोन्ही मापे लागोपाठ येतात : आडवे पसरलेल्या हातांमधले अंतर तो व्याम, आणि हात वर केलेल्या माणसाची उंची ते पौरुष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र ८४ अंगुलांचा व्याम दोरासाठी आणि खणलेल्या खोलीसाठीही एकच धरला आहे. साधारणपणे माणसाचे पसरलेले हात त्याच्या उंचीइतकेच भरतात. पण हात वर केले की माप वाढते. त्यामुळे दहा परस विहीर नेमकी किती खोल, हे मोजणारा कोणते माप धरतो यावर ठरे.

इंग्रजी ‘फॅदम’चा मूळ अर्थही पसरलेले हात असाच. तो पुढे ६ फुटांवर, म्हणजे सुमारे १.८३ मीटरवर पक्का झाला आणि दर्यावर्दी नकाशांवर बसला. आता बहुतेक नकाशे मीटरमध्ये असतात, खोली ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून काढतात. तरी जुना नकाशा हाती आला तर त्यावरचा ५ हा आकडा पाच मीटरचा की पाच फॅदमचा, म्हणजे नऊ मीटरांहून थोडा अधिक, हे शीर्षकाजवळची नोंद वाचूनच ठरवावे लागते.