शिवी सापडते, कळवळा निसटतो

संगणकाला शिवी ओळखायला शिकवता येतं, पण उपकाराच्या सुरातला कळवळा ओळखायला शिकवणं अवघड आहे. सफाई कामगारांबद्दलची दोन वाक्यं घेऊ, मीच रचलेली. ‘ही माणसं घाणीतच राहणार, अक्कल नाही यांना.’ आणि ‘बिचारे! पैसा नाही, शिक्षण नाही, तरी चेहऱ्यावर केवढं समाधान! आपण हसून नमस्कार केला तरी यांचं आयुष्य उजळेल.’

पहिलं वाक्य म्हणजे उघड द्वेष. तो संगणकाला ओळखायला शिकवण्यासाठी मराठीत डेटाही आहे. भाषा-तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या एलथ्रीक्यूब या गटाच्या ‘महाहेट’ या संचामध्ये 25,000हून जास्त ट्वीट्स आहेत, द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, शिवराळ आणि यांपैकी काहीच नाही, असे चार गट.

दुसरं वाक्य मात्र या चाळणीतून अलगद निसटू शकतं. समाधान, हसू, उजळेल… मजकुरातल्या भावना मोजणारं संगणकी मॉडेल बहुधा त्याला शाबासकीच देईल. लिहिणाऱ्याचा हेतूही चांगलाच असतो, गोची तिथेच आहे. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये 20 देशांतल्या इंग्रजी बातम्यांमधून दहा हजारांवर परिच्छेद घेतले. निर्वासित, बेघर, अपंग, गरीब कुटुंबं, स्त्रिया यांच्याविषयीचे. त्यांतली उपकाराची भाषा त्यांनी सात प्रकारांत मांडली. आपल्या वाक्यात निदान तीन सापडतात: कीव, वरवरचा उपाय (नमस्कारानं आयुष्य उजळणार म्हणे!) आणि ‘गरीब तेवढे सुखी’ हा लाडका समज. 2022 मध्ये याच डेटावर जागतिक स्पर्धा झाली. असा मजकूर आहे की नाही, एवढंच ओळखण्यात सर्वोत्तम चमूच्या मॉडेलचा एफ-वन गुण (किती अचूक ओळखलं आणि किती निसटलं, दोन्ही धरणारं माप) 1 पैकी 0.65च्या आसपास राहिला. एक कारण उघड आहे: डेटात असे परिच्छेद दहात एकही नाहीत. शिवाय वाचणाऱ्या माणसांचंच एकमत होत नाही.

‘बिचारे’वर बंदी घालूनही भागत नाही; तो शब्द आपण मांजरीलाही लावतो. ‘आम्ही गरीब, पण समाधानी’ हे कामगारानंच म्हटलं तर गोष्ट वेगळी, पण नुसत्या मजकुरातून बोलणारा कोण हे मॉडेलला कसं कळणार? उलट ‘कामगारांना हातमोजे आणि वेळेवर पगार द्या’ यातही आस्था आहे, उपकार नाही. नीट शिकलेल्या मॉडेलनं ते सोडून द्यायला हवं.

म्हणून मला वाटतं, ‘महाहेट’ला पाचवा गट जोडून मराठीचं काम होणार नाही. ही उपकाराची भाषा भांडणांपेक्षा आभारप्रदर्शनात जास्त फुलते. आपल्या मंडळांच्या स्मरणिका, ब्लँकेटवाटपाची वृत्तं, संस्थांचे वार्षिक अहवाल गोळा करावेत, आणि त्यातली कोणती वाक्यं उपकाराची, याच्या खुणा करायला ब्लँकेट घेणाऱ्यांनाही बसवावं.