१ एप्रिलची रेघ

'तान्ह्या बाळाचं करणं पुरुषाच्या रक्तातच नसतं' हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं की तो निसर्गनियम वाटू लागतो. नॉर्वेतले आकडे वेगळं सांगतात.

तिथे पगारी बालसंगोपन रजेचा बराचसा भाग आईवडिलांपैकी कुणीही घ्यावा, अशी मुभा आधीपासून होती. तरी रजा घेणारे बाप शंभरात तीनच. मग सरकारने चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. घेतले तर घेतले, नाहीतर बुडाले. १ एप्रिल १९९३ पासून जन्मलेल्या बाळांना हा नियम लागू झाला आणि प्रमाण लगेच ३५ टक्क्यांवर गेलं. मेंदू काही एका तारखेला बदलत नाही. 'पुरुषी मेंदू'च्या नावाने फिरणारे दावे म्हणूनच मला घातक वाटतात.

२००६ पर्यंत प्रमाण ७० टक्के झालं. नियम जवळपास तोच, मग हे दुप्पट कशाने?

सहकाऱ्यांचं पाहून, म्हणावं तर पुरावा हवा. एका कचेरीत एकसारख्या विचारांची माणसं असू शकतात. इथे १ एप्रिलची ती रेघ कामी आली. बाळ ३१ मार्चला झालं की २ एप्रिलला, हे बापाच्या हातात नव्हतं. जणू चिठ्ठ्याच टाकल्या होत्या. संशोधकांनी रेघेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या बापांच्या सहकाऱ्यांकडे पाहिलं. या सहकाऱ्यांची मुलं रेघेनंतर जन्मली, म्हणजे हक्क सगळ्यांना सारखाच. मात्र रेघेनंतरच्याही सगळ्या बापांनी रजा घेतली नव्हती. म्हणून दोन्हीकडच्या सहकाऱ्यांच्या रजेतला फरक, रेघेमुळे बापांच्या रजेत झालेल्या वाढीने भागावा लागतो. भागाकार सांगतो की एकाने रजा घेतली की सहकाऱ्याने ती घेण्याची शक्यता ११ टक्के-अंकांनी (म्हणजे शंभरात ११ ने) वाढते, भावाची १५ ने. रजा घेणारा वरिष्ठ साहेब असेल तर परिणाम साध्या सहकाऱ्याच्या अडीच पटीहून जास्त.

मला यातलं मर्म भीतीत दिसतं. रजेवरून परतलेल्याचं टेबल जागेवर आहे, साहेबांचा सूर बदललेला नाही, हे शेजारच्या खुर्चीतला माणूस रोज पाहतो. परिपत्रकाने न गेलेली धास्ती तेवढ्याने जाते. पुढे त्याच्याकडे पाहून तिसरा धजावतो.

घरांचीही पाहणी झाली. ज्यांचं शेंडेफळ रेघेनंतर लगेच जन्मलं, त्यांच्यात घरकामावरून होणारे खटके ११ टक्क्यांनी कमी होते, आणि कपडे धुण्याचं काम दोघांनी सारखं वाटून घेण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त.