पेन तपकिरी का पडलं?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंनी पूजेतलं जुनं शाईचं पेन माझ्यापुढे ठेवलं. रंग वाळल्या शेणासारखा, हिरवट तपकिरी. "मामंजी होते तोवर काळंभोर होतं. ते गेले अन् यानंही रंग टाकला," काकू म्हणाल्या. त्यांच्या मुलाची चौकशी निराळीच. जुन्या पेनांना लाखो रुपये मिळतात, असं मोबाइलवर आलं होतं म्हणे!

मी टोपण काढलं. टोपणाखाली झाकलेला, निबेजवळचा भाग अजून काळा कुळकुळीत होता. मग दांडा अंगठ्याने खसाखसा चोळून नाकाशी नेला. जळक्या रबरासारखा उग्र वास. सेल्युलॉइड, म्हणजे कापूर घालून केलेलं जुनं प्लास्टिक, असतं तर कापराची झुळूक आली असती. हे इबोनाइट.

इबोनाइट म्हणजे रबरच, पण गंधकाने कडक केलेलं. रबराचे रेणू लांबच लांब साखळ्यांचे असतात आणि त्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून रबर ताणतं. गंधक घालून तापवलं की साखळ्यांमध्ये गंधकाच्या अणूंचे पूल बसतात. टायरच्या रबरात शंभर भागांना दोन-तीन भाग गंधक पुरतं, इबोनाइटमध्ये तीस-चाळीस भाग घालतात. पूल इतके दाट की साखळ्यांना हलायला जागाच उरत नाही. असा दांडा लेथवर कातता येतो, आटे पाडता येतात आणि शाईतल्या आम्लाला तो दाद देत नाही.

घात करतो तो उजेड. यातले बरेच पूल एका अणूचे नसून दोन, तीन किंवा अधिक गंधक अणूंच्या ओळीचे, म्हणजे पॉलिसल्फाइड असतात. गंधक-गंधक बंध कार्बन-गंधक बंधापेक्षा कच्चा असल्यामुळे अतिनील किरणांनी आधी तोच तुटतो. मोकळ्या झालेल्या गंधकाला हवेतला ऑक्सिजन आणि ओल मिळाली की ऑक्सिडीकरण होत होत शेवटी पृष्ठभागावर चक्क सल्फ्युरिक आम्लाचा सूक्ष्म थर तयार होतो. वरचा पापुद्रा खरबरीत होऊन तपकिरी दिसू लागतो, आत मात्र काळंच राहतं.

मामंजींच्या हयातीत पेन टेबलाच्या खणात असायचं. ते गेल्यावर आठवण म्हणून ते काचेच्या शोकेसमध्ये आलं, पश्चिमेच्या खिडकीसमोर. नागपूरचं ऊन आणि उन्हाळाभर कूलरची दमट हवा! इबोनाइट बिघडवायला आणखी काय लागतं? पेनाला कोणाच्या जाण्याचं कळत नाही, उन्हाचं कळतं.

आता ओळख. दांड्यावरची अक्षरं झिजली होती, पण वर्षानुवर्षांचं कुंकू खाचांत बसलेलं. टॉर्च आडवा धरला तसं 'वॉटरमन्स आयडियल' लागलं, खाली न्यूयॉर्क. लुइस वॉटरमनचं पेटंट १८८४ चं. दांड्याच्या बुडाशी ५२ हा आकडा. यातले ५ म्हणजे बाजूच्या खटक्याने शाई ओढणारं पेन आणि २ म्हणजे निबेचा आकार. मॉडेल नक्की झालं, काळ साधारण १९२० च्या दशकातला.

निबेवर मात्र भरवसा ठेवू नये. इथे मूळची सोन्याची निब जाऊन कधीतरी साधी पोलादी बसली होती. तसाच नुसत्या रूपावरही नको. झाकलेली निब दिसली की लोक नावाजलेलं 'पार्कर ५१' म्हणून मोकळे होतात, पण स्वस्त चिनी पेन हिरो ६१६ ची निबही तशीच झाकलेली असते.

काकूंच्या पेनाची मूळ निबच नाही म्हटल्यावर लाखांची बात तिथेच मिटली. काकू पेन कोमट पाण्यात भिजवून चकचकीत करायला निघाल्या होत्या, ते मी थांबवलं. पाण्यात, त्यातही कोमट, उरलेला काळेपणाही जातो. मुलाने खटका उचलून पाहिला, तर तो हलेना. पेन कानाशी नेऊन हलवलं तेव्हा आत खुळखुळ वाजलं. शाईची रबरी नळी पापडासारखी कडक होऊन तिचे तुकडे झाले होते. नवी नळी बसवली की पेन लिहील.