वाफ्यावर पाणी साचलंय? आधी टाकी बघा
(रूट झोन वाफा, म्हणजे सेप्टिक टाकीतून येणारं सांडपाणी खडी आणि झाडांच्या मुळांतून शुद्ध करणारा वाफा, वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

‘वाफ्यावर पाणी साचलंय, वास येतोय, खडी बदलून द्या,’ असे फोन आम्हाला सतत येतात. खडीला हात लावण्याआधी आम्ही सेप्टिक टाकीचं झाकण उघडतो. दोष बहुधा तिथेच असतो.

वाफ्यात खडीवर आणि कर्दळीच्या, पाणकणसाच्या मुळांवर जिवाणूंचा पातळ थर धरतो. घाण खातो तो हा थर. पाणी काही दिवस त्यातून संथ सरकतं, तेव्हा रोगजंतू काही अडकतात, काही इतर सूक्ष्मजीव फस्त करतात, बरेचसे आपोआप मरतात. त्यासाठी खडीतल्या फटी मोकळ्या हव्यात. टाकी गाळाने भरली की गाळ वाफ्यात उतरतो आणि पाणी शिरतं त्या तोंडालाच फटी बुजतात. मग पाणी खडीत न मुरता वरूनच वाहतं आणि जंतूंसकट बाहेर पडतं. साचलेल्या घाण पाण्यात क्युलेक्स डास होतात, आणि हत्तीरोग पसरवणाऱ्या डासांत तो प्रमुख आहे.

म्हणून वर्षातून एकदा गाळ मोजा. लांब काठीला पांढरं जुनं कापड गुंडाळून तळापर्यंत सोडा. काळा डाग किती चढला ते दिसतं. गाळ आणि वरची साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की उपसा करणारी गाडी बोलवा. टाकीत कुणालाही उतरवू नका, आतल्या वायूने माणूस दगावतो.

आउटलेटचा एल्बोही (वाफ्यातलं पाणी बाहेर सोडणारा वाकडा पाइप) वर फिरवू नका, त्याने वाफ्यातलं पाणी वर चढतं. पाणी खडीखाली ५ ते १० सेंटीमीटर ठेवलेलं असतं. तेवढ्याने झाडं सुकत नाहीत, मुळं खाली पोचतात.

गाळ वाफ्यात उतरू नये म्हणून दोन कप्प्यांच्या टाकीशिवाय आम्ही काम घेत नाही. काहींना हा वाढीव खर्च वाटतो. पण बुजलेली खडी उपसून, धुऊन, पुन्हा लागवड करून झाडं रुजेपर्यंत महिने जातात आणि तोवर सांडपाणी कुठे सोडायचं हा प्रश्न उरतोच.

बाहेर पडलेलं पाणी नितळ दिसलं तरी पिण्याचं नव्हे. कच्च्या खायच्या भाजीला द्यायचं असेल तर आधी तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने १९८९ मध्ये त्यासाठी १०० मिलिलिटरमागे १,००० विष्ठाजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जिवाणू) ही मर्यादा सांगितली होती. नमुना कसा घ्यायचा ते आम्ही दाखवतो.

गाळ मोजायला आम्ही येतो, वाफा दुसऱ्याने बांधलेला असला तरी. फक्त टाकीचं झाकण फरशीखाली गाडलेलं नको.