नृत्यप्रयोगांचे ऑनलाइन प्रक्षेपण

रंगमंचावरील बॅले किंवा समकालीन नृत्याचा प्रयोग कॅमेऱ्यांनी टिपून इंटरनेटमार्गे प्रेक्षकाच्या घरातील पडद्यावर पोहोचविण्याची आणि प्रेक्षकाने तो तेथे पाहण्याची पद्धत. प्रयोग चालू असतानाच होणारे थेट प्रक्षेपण, पूर्वमुद्रित प्रयोग ठरावीक काळापुरता खुला करणे आणि वर्गणीदाराला हवा तेव्हा पाहता येईल असा प्रयोगसंग्रह ठेवणे, हे तिन्ही प्रकार या संज्ञेत येतात. केवळ कॅमेऱ्यासाठी रचलेले नृत्यपट सामान्यतः तीतून वगळले जातात. अशा नृत्यपटांची परंपरा माया डेरेन यांच्या १९४५ मधील लघुपटापासून मांडली जाते. पुढे दिसून येईल त्याप्रमाणे ही सीमारेषा प्रत्यक्षात पुसट आहे. मराठीत ‘बॅले’ हा शब्द भारतीय नृत्यनाट्यालाही लावला जातो. मुंबईत सुरू झालेले शांती बर्धन यांचे लिटल बॅले ट्रूप (१९५२) आणि सचिन शंकर बॅले युनिट (१९५३) यांच्या नावांत तो याच अर्थाने आला आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र तो पाश्चात्त्य अभिजात बॅलेपुरता मर्यादित आहे.

या पद्धतीचा आरंभ केव्हा मानावा, याविषयी एकमत नाही. घरात बसून नृत्यप्रयोग पाहणे हा निकष धरला, तर आरंभ दूरचित्रवाणीपर्यंत मागे जातो. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात मारी रँबेअर यांच्या बॅलेसंघाने तीत भाग घेतला. १९३९ मध्ये युद्धामुळे सेवा बंद पडेपर्यंत बॅले हा तिच्या कार्यक्रमांचा नेमाचा भाग होता. हे प्रयोग कॅमेऱ्यापुढे जिवंत होत असत आणि प्रसारित चित्र मुद्रित करून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती. त्यामुळे त्यांचे स्वरूप आज छायाचित्रे व लिखित नोंदी यांवरूनच ताडावे लागते. अमेरिकेत एनबीसीने १२ डिसेंबर १९५५ रोजी मार्गोट फाँटेन यांची प्रमुख भूमिका असलेला ‘स्लीपिंग ब्यूटी’ प्रसारित केला. त्याची प्रेक्षकसंख्या सुमारे तीन कोटी असल्याचे सांगितले जाते. हा आकडा तत्कालीन अंदाज असल्याने सावधपणे घ्यावा हे बरे, तथापि एखाद्या नाट्यगृहाला कित्येक दशकांत मिळणारा प्रेक्षक एका संध्याकाळी मिळाला, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. १९७६ पासून अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर नृत्याची स्वतंत्र मालिका चालू झाली. सोव्हिएट संघात ऑगस्ट १९९१ च्या फसलेल्या उठावाच्या वेळी दूरचित्रवाणीवर बातम्यांऐवजी ‘स्वान लेक’ दाखविले गेल्याने तेथे या बॅलेच्या प्रक्षेपणाला राजकीय अस्थैर्याच्या खुणेचा अर्थ चिकटला.

दुसरे मत दूरस्थ सहभागाला महत्त्व देते. किट गॅलोवे व शेरी रॅबिनोविट्झ यांनी १९७७ मध्ये नासाच्या साहाय्याने अमेरिकेच्या दोन किनाऱ्यांवरील नर्तकांच्या प्रतिमा उपग्रहाद्वारे एकाच चित्रात एकत्र आणल्या, आणि या मताचे अभ्यासक तो प्रयोग आरंभबिंदू मानतात. त्यात नर्तक एकमेकांशी जोडले गेले होते. घरातील प्रेक्षकाचा प्रश्न तेथे उद्भवलाच नव्हता. तेव्हा ही वंशावळ जालावरील (इंटरनेटवरील) परस्परसंवादी नृत्यप्रयोगांना अधिक लागू पडते.

तिसऱ्या मतानुसार इंटरनेट हे वाहन असणे हीच अट आहे. जालावर ध्वनीचे प्रवाही प्रक्षेपण १९९५ पासून आणि चित्राचे १९९७ पासून सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागले. परंतु त्या काळातील तिकिटाएवढ्या चौकटीत नर्तकाचे पाऊल ओळखू येणेही कठीण होते. खऱ्या अर्थाने उपयोगी चित्र २००८ च्या सुमारास मिळू लागले. त्या वर्षी पॅरिसमध्ये मेडिसी डॉट टीव्ही ही संगीत, ऑपेरा व बॅले यांची सेवा सुरू झाली. लिऑनच्या मेझाँ द ला दाँस या संस्थेने २०११ मध्ये ‘न्युमेरिदाँस’ हा मुख्यतः समकालीन नृत्याचा चित्रसंग्रह खुला केला. २३ मार्च २०१२ रोजी लंडनच्या रॉयल बॅलेने सकाळच्या सरावापासून तालमीपर्यंतचा सुमारे नऊ तासांचा दिनक्रम जालावर थेट दाखविला. त्यातूनच १ ऑक्टोबर २०१४ रोजी पहिला ‘वर्ल्ड बॅले डे’ आकाराला आला: मेलबर्न, मॉस्को, लंडन, टोरांटो व सॅन फ्रान्सिस्को येथील पाच संघांनी सूर्याच्या मागोमाग पश्चिमेकडे सरकत आपापल्या तालीमघरांतून प्रक्षेपण केले. या संघांनी पूर्ण प्रयोगाऐवजी तालीम जालावर आणली, ही बाब योगायोगाची नसावी. चित्रपटगृहांतील प्रक्षेपणाचे तिकीट विकणाऱ्या संघांना तोच प्रयोग घरी फुकट दाखविणे परवडणारे नव्हते आणि तालमीला ती अडचण नव्हती.

या तीन मतांपैकी पहिले अधिक ग्राह्य वाटते. वाहन बदलले तरी प्रयोग कसा चित्रित करायचा, याचे बहुतेक संकेत दूरचित्रवाणीच्या स्टुडिओत ठरले होते आणि आजही तेच चालू आहेत. त्यांतील मूळ अडचण अशी की, नाट्यगृहात नजर कोठे ठेवायची हे प्रेक्षक ठरवितो, तर घरी ते चित्रदिग्दर्शक ठरवितो. ‘ला बायादेर’मधील (१८७७) छायांच्या प्रवेशात २४ किंवा ३२ नर्तकी उतारावरून एकामागून एक तीच आराबेस्क मुद्रा (एका पायावर उभे राहून दुसरा पाय मागे ताणणे) करीत उतरतात. मारिउस पेतिपा यांची ही रचना वरच्या सज्जातून पाहणाऱ्याला रांगांच्या नक्षीसारखी दिसते. तेथे चौथ्या नर्तकीचा चेहरा जवळून दाखविला की नक्षी मोडते, आणि सबंध रंगमंच चौकटीत घेतला की फोनच्या पडद्यावर नर्तकी तांदळाच्या दाण्याएवढ्या होतात. (हा बॅले काल्पनिक भारतात घडतो, भारतीय प्रेक्षकाला त्यातील देवदासी व फकीर पाहताना जो अवघडलेपणा येतो, त्याचा विचार अलीकडे पाश्चात्त्य संघही करू लागले आहेत.) पाय चौकटीबाहेर जाऊ न देणे हा एकल नृत्यापुरता जुना व सुरक्षित नियम आहे. समकालीन नृत्यात तोही अपुरा पडतो, कारण मर्स कनिंगहॅम यांच्यासारख्या रचनाकारांनी रंगमंचाला मध्यबिंदूच ठेवला नाही. कनिंगहॅम यांनी चित्रपटकार चार्ल्स अ‍ॅटलस यांच्यासह १९७० च्या दशकात कॅमेऱ्यासाठी वेगळ्या रचना करून या अडचणीला बगल दिली. विल्यम फोर्साइथ यांनी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या साहाय्याने २००९ मध्ये ‘वन फ्लॅट थिंग, रिप्रोड्यूस्ड’ या रचनेतील इशारे व हालचालींची जुळणी आलेखरूपाने जालावर मांडली. त्यांच्या प्रकल्पात प्रयोग दाखविण्यापेक्षा रचना उलगडण्यावर भर होता, आणि माध्यमाचा इतका नेमका उपयोग त्यानंतरच्या बहुसंख्य प्रक्षेपणांत आढळत नाही.

तांत्रिक बाजूने पाहता नृत्य हा चित्रसंपीडनासाठी अवघड विषय आहे. संपीडनात एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत जेवढे बदलले तेवढेच शक्यतो पाठविले जाते. स्थिर पार्श्वभूमीपुढे बोलणारा निवेदक त्यामुळे स्वस्तात पोहोचतो. निळसर अंधारात जाळीदार पांढरे टूटू (बॅलेचे झालरदार घागरे) घालून एकाच वेळी हलणाऱ्या चोवीस जणी पोहोचत नाहीत. ‘नटक्रॅकर’मधील हिमकणांच्या नृत्यात वरून पडणारे कागदी बर्फ ही तर संपीडनाची परीक्षाच ठरते, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे व अनियमित दिशेने सरकतो आणि माहिती पाठविण्याचा दर कमी असल्यास चित्राचे चौकोनी ठोकळे दिसू लागतात. समकालीन नृत्यातील काळोख्या रंगमंचावर वेगळा दोष उद्भवतो: राखाडीपासून काळ्यापर्यंतच्या छटा सलग न राहता पट्ट्यापट्ट्यांत फुटतात. सेकंदाला २५ चित्रे घेतल्यास दोन चित्रांत ४० मिलिसेकंदांचे अंतर पडते आणि हवेत पावलांची अदलाबदल करणाऱ्या आन्त्रशासारख्या उड्या पुसट होतात. ५० चित्रांत हे अंतर निम्मे होते. काही टीव्ही संच मधली चित्रे स्वतः रचून हालचाल गुळगुळीत करतात. ही सोय नृत्य पाहताना बंद ठेवणे इष्ट, कारण तीत उडीच्या माथ्यावरचा क्षणभराचा ठहराव नाहीसा होतो.

ध्वनी व चित्र यांच्या मेळाविषयी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत दिलेल्या मर्यादांनुसार ध्वनी चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला ते जाणवते. ही असमानता नाट्यगृहातील अनुभवाशी जुळते: रंगमंचापासून ३० मीटरांवर बसलेल्याला पॉइंट शूजचा (चवड्याच्या टोकावर नाचण्यासाठीच्या कडक बुटांचा) ठोका सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याचे काहीच वाटत नाही; आधी ऐकू आलेला ठोका मात्र निसर्गात नसतो. बिनतारी हेडफोन वापरल्यास ध्वनी आणखी रेंगाळतो. याउलट मायक्रोफोन रंगमंचाजवळ असल्याने नर्तकांचा श्वास व पावलांचे आवाज घरी नको इतके स्पष्ट येतात, आणि हवेत तरंगणाऱ्या परीचा भास त्यामुळे भंगतो, अशी बॅलेरसिकांची तक्रार असते.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे नाट्यगृहे बंद झाली आणि हा गौण मार्ग काही काळ एकमेव मार्ग बनला. मॉस्कोच्या बोल्शॉय नाट्यगृहाने २७ मार्चपासून मुद्रित प्रयोग यूट्यूबवर प्रत्येकी २४ तासांसाठी खुले केले. लंडन, न्यूयॉर्क व पॅरिस येथील संघांनीही तसेच केले. पॅरिस ऑपेराने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्वतःची सशुल्क सेवा उघडली. या काळातील उल्लेखनीय चित्रण म्हणजे जर्मन नृत्यरचनाकार पिना बाउश यांच्या ‘वसंतोत्सवा’ची सेनेगलमधील तालीम. १४ आफ्रिकी देशांतील ३८ नर्तकांचा दौरा रद्द झाल्यावर निघण्यापूर्वी त्यांनी तूबाब दियालाव येथील समुद्रकिनाऱ्यावर ती रचना एकदा सादर केली आणि जुलै २०२० मध्ये ते चित्रण जालावर सशुल्क दाखविले गेले. मुळात मातीने आच्छादलेल्या रंगमंचावर नाचायची ही रचना वाळूवर आल्यावर ती प्रयोग राहते की नृत्यपट बनते, हे ठरविणे कठीण आहे.

प्रक्षेपण हा प्रयोगच मानावा का, हा वाद त्याहून जुना आहे. प्रयोगकलांच्या अभ्यासक पेगी फेलन यांच्या १९९३ मधील प्रतिपादनानुसार प्रयोगाचे अस्तित्व केवळ वर्तमानात असते आणि मुद्रण झाले की ती दुसरीच वस्तू ठरते. फिलिप ऑस्लँडर यांनी १९९९ मध्ये याला उत्तर देताना ‘जिवंत’ ही कल्पनाच मुद्रणाची सोय झाल्यानंतर अर्थपूर्ण झाली, असे दाखवून दिले. नृत्याच्या बाबतीत फेलन यांची भूमिका काहीशी ताणलेली वाटते; बॅलेच्या रचना शरीराकडून शरीराकडे, लाबान (१९२८) व बेनेश (१९५०चे दशक) यांच्या नृत्यलेखनाच्या लिपींतून आणि आता चित्रफितींतून पुढे जात आल्या आहेत, आणि तालीमघरात जुनी फीत लावून भूमिका बसविणे ही नित्याची बाब आहे.

हक्कांची गुंतागुंत मात्र प्रेक्षकाला थेट जाणवते. एका प्रयोगात रचनाकार, संगीतकार, नेपथ्यकार, नर्तक व वादक या सर्वांचे वेगवेगळे हक्क असतात आणि परवानगी अनेकदा ठरावीक दिवसांची व ठरावीक देशांपुरती मिळते. जाहिरात दिसूनही चित्र न उघडण्याचे कारण बहुधा हेच असते. जॉर्ज बॅलंशीन यांच्या रचनांचा वापर १९८७ मध्ये स्थापन झालेल्या न्यासाच्या संमतीने होतो. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्याने नृत्यरचनेला स्वतंत्र उल्लेखासह संरक्षण दिले. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नृत्यरचना नाट्यकृतीच्या व्याख्येत येते, पण ती लेखी वा अन्य प्रकारे निश्चित झालेली असावी लागते. शिवाय चित्रपट त्या व्याख्येतून वगळला आहे. त्यामुळे केवळ चित्रफितीत जतन झालेल्या रचनेला या नात्याने संरक्षण मिळते का, याविषयी विधिज्ञांत दुमत आहे.

भारतातील प्रेक्षकाच्या दृष्टीने घड्याळ हाही घटक आहे. लंडनमधील सायंकाळी साडेसातचा प्रयोग येथे उन्हाळ्यात मध्यरात्री व हिवाळ्यात रात्री एक वाजता सुरू होतो. न्यूयॉर्कमधील त्याच वेळेचा प्रयोग अनुक्रमे पहाटे पाच व सहाला. साहजिकच थेट प्रक्षेपणापेक्षा संग्रहातील प्रयोग येथे अधिक सोयीचे ठरतात. मुंबईत बॅलेचे शिक्षण देणारे वर्ग अनेक दशकांपासून आहेत, परंतु मोठे परदेशी संघ क्वचितच येत असल्याने तेथील विद्यार्थ्यांना ‘जिझेल’सारखी संपूर्ण बॅलेरचना बहुधा प्रथम पडद्यावरच पाहावी लागते.