एअर बॉक्स मॉडिफिकेशन

एअर बॉक्स म्हणजे बोनेट उघडल्यावर दिसणारा काळा प्लास्टिकचा डबा, ज्यात एअर फिल्टर बसवलेला असतो. गॅरेजवाले याला फिल्टरचा डबा नाहीतर एअर क्लीनर म्हणतात. हा डबा, त्याचं तोंड किंवा त्याला जोडलेले पाइप यात बदल करून इंजिनला थंड आणि कमी अडथळ्याची हवा मिळवून देणे म्हणजे एअर बॉक्स मॉडिफिकेशन. संभाजीनगर, जालना, नांदेड, लातूर इकडची पोरं हे काम हौसेने करतात पण बहुतेक जण सुरुवात फिल्टर बदलण्यापासून करतात, आणि मराठवाड्यात तीच सगळ्यात धोक्याची जागा आहे. फिल्टरच्या आधीचा रस्ता आणि फिल्टरच्या नंतरचा रस्ता हे दोन वेगळे विषय आहेत. आधीच्या भागात बदल करायला भरपूर वाव आहे, नंतरच्या भागात जरा जरी फट राहिली तर इंजिनची वाट लागते.

हवा किती लागते

पेट्रोल नीट जळायला १ किलो पेट्रोलमागे साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोल जाळायला अंदाजे ९ हजार लिटर हवा डब्यातून जाते. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमवर (मिनिटाला ६००० फेऱ्या) फुल थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, फिरत असेल तर सेकंदाला ५० लिटरच्या आसपास हवा ओढतं, आणि ही सगळी हवा मनगटाएवढ्या तोंडातून आत जायची असते, त्यामुळे त्या वाटेत एखादं काटकोनी वळण किंवा दबलेला पाइप असला की तो नडतोच.

मग कंपनी तोंड मोठं का देत नाही? कारण डब्याला हवा गाळण्याशिवाय दुसरीही कामं असतात. व्हॉल्व्ह उघडताना-मिटताना हवेत जे ठोके बसतात त्यांचा आवाज हा डबा आणि त्याला जोडलेला बंद कप्पा, म्हणजे रेझोनेटर, दाबून टाकतात. गाडीच्या आवाजाची टेस्ट पास करायची असते, केबिन शांत ठेवायची असते, आणि कधी कधी या कप्प्याचं माप असं धरलेलं असतं की ठरावीक आरपीएमवर टॉर्कलाही मदत होते. म्हणून रेझोनेटर काढून फेकला की आवाज दणदणीत येतो पण खालचा पिकअप मेल्यासारखा वाटू शकतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळते असं वाटतं हे खरंय, ते वाटणंच असतं, घड्याळ लावून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये.

इकडची हवा

संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा ६ टक्क्यांच्या आसपास कमीच मिळतो, म्हणजे तेवढी हवा जन्मजातच कमी. त्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर गेला की हवा आणखी विरळ होते. बाहेर ४२ अंश असताना डबा जर बोनेटच्या आतली ६५ अंशांची हवा ओढत असेल तर तेवढ्याच लिटरमध्ये हवेचं वजन जवळपास ७ टक्के कमी भरतं. शिवाय गरम हवेने नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल वेळेआधीच भडकून इंजिनात ठोके बसण्याची भीती वाढते म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि गाडी ओढत नाही. जालना रोडवर भर दुपारी सिग्नलला थांबत थांबत आलेली गाडी नंतर उड्डाणपुलावर जड चालते त्यामागे एसीचा लोड असतोच पण डब्यात साचलेली ही गरम हवासुद्धा असते.

म्हणून इकडे सगळ्यात कामाचा बदल म्हणजे डब्याच्या तोंडाला बाहेरची थंड हवा आणून देणे. कंपनीचा स्नॉर्कल, म्हणजे डब्यात हवा आणणारा पुढचा पाइप, बऱ्याच गाड्यांत ग्रिलच्या मागे किंवा मडगार्डच्या पोकळीत उघडतो आणि तो चांगल्या जागीच असतो, फक्त त्याचं पुढचं तोंड चपटं किंवा अरुंद असतं. तिथे थोडं रुंद, गोल कडेचं तोंड बसवणं, पाइपातली शिवण घासून साफ करणं, रेडिएटरच्या गरम वाऱ्यापासून त्याला पत्र्याची किंवा रबराची आड करणं, एवढं केलं तरी पुष्कळ झालं. कड गोल का, तर तीक्ष्ण कडेवरून हवा आत शिरताना भोवरे होतात आणि भोकाचा सगळा व्यास कामाला येत नाही.

याच्या उलट सर्रास केला जाणारा प्रकार म्हणजे डब्याच्या खालच्या भागाला ड्रिलने होल पाडणे. अडथळा यात कमी होतो, आवाजही येतो, पण होल इंजिनच्या बाजूला पडले तर डबा गरम हवा ओढायला लागतो आणि एका हाताने मिळवलेलं दुसऱ्या हाताने जातं. डबा काढून आखूड पाइपावर फिल्टर उघडाच ठेवणारे शॉर्ट रॅम इंटेक त्याच कारणाने आपल्याकडच्या उन्हाळ्यात मला पटत नाहीत. समृद्धी महामार्गावर १२० च्या स्पीडला बोनेटखाली वारा खेळता असतो तेव्हा फरक कमी पडतो, गावात मात्र पडतोच. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचणारा ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर लावून मोबाइलवर इंटेक एअर टेम्परेचर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेचं तापमान, बघितलं की कोणाशी वाद घालायची गरज राहत नाही.

आधी मोजा

गवंड्याकडे जो पारदर्शक लेव्हल पाइप असतो तोच इथे मीटर म्हणून चालतो. पाइप इंग्रजी यू सारखा फळीवर बांधायचा, अर्धा पाण्याने भरायचा, एक टोक उघडं आणि दुसरं टोक लांब नळीने फिल्टरनंतरच्या पाइपाला जोडायचं, फळी केबिनमध्ये धरायची. यूच्या दोन्ही बाजू पाण्याच्या वर पुरेशा उंच ठेवायच्या, नाहीतर पाणी इंजिनकडे ओढलं जाईल. एकाने मोकळ्या रस्त्यावर फुल थ्रॉटल द्यायचा आणि शेजारच्याने दोन्ही बाजूंच्या पाण्यात किती सेंटिमीटरचा फरक पडतो ते वाचायचं. १० सेंटिमीटर फरक म्हणजे साधारण १ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाचा ढोबळमानाने १ टक्का. मग नळी काढून फिल्टरच्या आधीच्या भागाला जोडायची आणि पुन्हा तेच करायचं. समजा फिल्टरनंतर २० सेंटिमीटर आले आणि आधी १५, तर फिल्टर बिचारा फक्त ५ चा धनी आहे, बहुतेक अडथळा तोंडात आहे, आणि महागडा फिल्टर घेऊन काही होणार नव्हतं हे पाणीच सांगतं. यावरून हेही कळतं की साध्या गाडीत या कामातून मिळणारी ताकद एखाद-दोन टक्क्यांचीच असते. पंधरा हॉर्सपॉवर वाढले म्हणणाऱ्याचं ऐकून पैसे घालवू नयेत.

अ‍ॅव्हरेजचं म्हणाल तर पेट्रोल गाडीत ते वाढत नाही. नेहमीच्या चालवण्यात थ्रॉटलची पट्टी स्वतःच अर्धवट मिटलेली असते, हवा तिथेच अडवलेली असते. अमेरिकेच्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये चोंदलेले फिल्टर लावून चाचण्या केल्या तेव्हा इंजेक्शनच्या आधुनिक गाड्यांत अ‍ॅव्हरेजवर दखल घेण्याजोगा फरक पडला नाही, पिकअप मात्र मंदावला. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांचं गणित वेगळं, तिथे हवा वाढवली तर जेटही, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोकही, बदलावा लागतो. टर्बो डिझेलमध्ये हवा अडली की टर्बोला जास्त राबावं लागतं आणि काळा धूर दिसू लागतो, त्यामुळे तिथे मोकळं तोंड थोडं जास्त फायद्याचं ठरतं.

धूळ

आता खरा मुद्दा. मराठवाड्यात ऑक्टोबरमध्ये सोयाबीनच्या मळण्या सुरू होतात, पाठोपाठ ऊस तोडणी आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते, आणि उन्हाळ्यात काळ्या मातीचा वाळून झालेला पीठासारखा फुफाटा. यातले डोळ्याला न दिसणारे ५ ते २० मायक्रॉनचे कण इंजिनला सगळ्यात वाईट, कारण पिस्टनची रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्यातल्या ऑइलच्या थरात तेच अडकतात आणि धातू घासत बसतात. आधी गाडी थोडं ऑइल खाते, मग निळा धूर, मग इंजिन खोलावं लागतं, आणि हे सगळं होईपर्यंत डबा बदलल्याचं कोणाच्या लक्षातही राहत नाही.

तेल लावलेला कॉटनच्या जाळीचा फिल्टर, जो १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या के अँड एनने जगभर नेला, धुऊन परत वापरता येतो ही त्याची जमेची बाजू. पण वेळच्या वेळी धुणं आणि मापात तेल लावणं हे काम मन लावून करणारा मालक पाहिजे. तेल जास्त झालं तर ते हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या तारेवर बसतं, मिक्श्चर बिघडतं आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. आपल्याकडच्या फुफाट्यात मी चांगल्या कागदी फिल्टरच्याच बाजूने आहे. तो लवकर बदलायचा, आणि कॉम्प्रेसरने हवा मारायचीच झाली तर कमी प्रेशरने, आतून बाहेर.

डब्याचं सील तपासायची पद्धत सोपी आहे. फिल्टरनंतरच्या पाइपात बोट घालून पांढरा कपडा फिरवायचा. कपड्यावर करडी रेघ उठली तर कुठूनतरी न गाळलेली हवा आत जातेय, मग क्लिप, रबराची कड, होज क्लॅम्प एकेक करून बघायचं. ज्याने डबा कापला-जोडला असेल त्याने हे आठवडाभरात आणि मग प्रत्येक सर्व्हिसिंगला करावं. एमसीलने जोडलेला सांधा गरम-गार होऊन तडकतो, म्हणून फिल्टरनंतरच्या बाजूला असला जोड नकोच.

यात शिकायचं असेल तर शेतातल्या ट्रॅक्टरकडे बघा. रोटाव्हेटर मारताना उडणाऱ्या धुळीत तो तासन् तास चालतो. जुन्या ट्रॅक्टरांत ऑइल बाथ असतो, हवा ऑइलवर आपटते आणि माती खालच्या वाटीत गाळ होऊन बसते. काहींत वर प्री-क्लीनर असतो जो हवा गोल फिरवून जड कण आधीच बाजूला टाकतो, आणि नवीन ड्राय टाइपमध्ये एकात एक दोन फिल्टर असतात.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या कंपनीच्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. आवाज आणि धूर यांचे नियम तर लागू असतातच. वॉरंटीत असलेल्या गाडीचा डबा कापला आणि इंजिनात बिघाड निघाला तर क्लेम अडकू शकतो, म्हणून कापाकापी करायचीच तर दुसरा सुटा डबा घेऊन त्यावर करावी.

पाणी

नवीन तोंड जितकं खाली, बंपरच्या मागे, तितकी हवा थंड, पण पाणीही तितकंच जवळ. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूरकडे अतिवृष्टीने ओढे-नाले रस्त्यावर आले होते, तशा वेळी खाली उतरवलेला इंटेक एका घोटात इंजिनात पाणी नेतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. कंपनीच्या डब्याच्या तळाला बऱ्याच गाड्यांत पाणी निघून जायला बारीक भोक असतं, ते कधी बुजवू नये. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल मारायचा नाही, आधी डबा उघडून फिल्टर बघायचा, आणि तो ओला निघाला तर स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधलं पाणी बाहेर काढल्याशिवाय इंजिन फिरवायचं नाही.