कुपी रिकामी नाही! मेटॅलोथायोनीन मोजण्याआधी एवढं वाचा

मेटॅलोथायोनीन म्हणजे धातू बांधून ठेवणारं प्रथिन; आम्ही ते कुप्यांतून विकतो. "कुपीत प्रथिनच नाही, बदलून द्या." असा फोन आला की आमचा प्रश्न ठरलेला: कितीवर मोजलंत? उत्तरही ठरलेलं: 280 नॅनोमीटरवर, म्हणजे त्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते बघून.

280 वर मुख्यतः दिसतात ती प्रथिनातली ट्रिप्टोफॅन आणि टायरोसिन ही अमिनो आम्लं. सस्तन प्राण्यांच्या मेटॅलोथायोनीनमध्ये ही दोन्ही नाहीतच. 61-62 अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, त्यातली 20 सिस्टीन. आकडा जवळपास शून्यच येणार. ब्रॅडफर्ड या प्रथिन मोजायच्या चाचणीचा निळा रंगही धड चढत नाही. मग काही जण कुपी उघडी ठेवून दिवसभर पुन्हा पुन्हा मोजत बसतात. तेवढ्यात हवा लागून सिस्टीनचे गंधक आपापसांत जुळू लागतात, आणि चांगला माल खरोखरच बिघडतो.

या प्रथिनाचं सगळं काम त्या गंधकांवर चालतं. एक रेणू जस्ताचे किंवा कॅडमियमचे 7 आयन दोन झुबक्यांत धरतो, एकात 4, दुसऱ्यात 3. पेशीत कॅडमियम शिरलं की ते जस्ताला हुसकावून त्याची जागा घेतं. हुसकावलेलं जस्त एमटीएफ-1 या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाला जागं करतं आणि पेशी आणखी मेटॅलोथायोनीन बनवायला घेते. विष मात्र शरीराबाहेर जात नाही, नुसतं बांधलं जातं. मूत्रपिंडात ते वर्षानुवर्षं साठून राहतं. 1957 मध्ये हे प्रथिन पहिल्यांदा हाती लागलं तेही घोड्याच्या मूत्रपिंडातूनच.

तेव्हा मोजायचे ते गंधक आणि धातू. गंधकाशी भिडून पिवळा रंग देणारं डीटीएनबी घालून तो रंग 412 नॅनोमीटरवर वाचा, धातू अॅटॉमिक अब्सॉर्प्शन या धातू मोजायच्या यंत्रावर. 20 गंधकांमागे 7 धातू आले की माल चोख. गंधक आपापसांत जुळू नयेत म्हणून डीटीटी घातलं असेल तर आधी काढा, तेही पिवळा रंग देतं. बफरमध्ये ईडीटीए तर नकोच, ते धातूच ओढून घेतं.

आमच्या प्रत्येक बॅचसोबत हे दोन्ही आकडे छापून येतात. माल निघायला दोन दिवस जास्त लागतात ते त्यासाठीच. नुसत्या वजनावर घेतलेला माल स्वस्त पडतो, मान्य. पण वजनात मीठही भरतं.

वनस्पतींचं धातू बांधणारं फायटोकेलाटिनही आमच्याकडे मिळतं. ते ग्लुटाथायोन या तीन अमिनो आम्लांच्या छोट्या रेणूपासून बनतं, आणि 280 वर तेही दिसत नाही! मेटॅलोथायोनीन मागवताना जस्तवालं की कॅडमियमवालं ते लिहा. कॅडमियमवालं आलं तर फोन करण्याआधी एकदा 250 वर बघा, गंधकांनी धरलेलं कॅडमियम तिथे दिसतं.